शुक्रवारपर्यंत अबोला

मल्हारनं ऋजुताला सोडलं, तेव्हा दहावी ‘ब’मधल्या एकाही मुलीनं त्याच्याशी बोलायचं नाही, असा फतवा तिच्या जिवलग मैत्रिणीनं, गिरिजानंच काढला होता. पुढच्याच आठवड्यात प्रयोगशाळेत गिरिजानं परीक्षानळी फोडली, मल्हारनं आळ स्वतःवर घेतला आणि फतव्याचे बारा वाजले.

महिनाभर कुढून एका सोमवारी मधल्या सुट्टीत तिनं ऋजुताला सांगून टाकलं, “मला मल्हार आवडतो.”

“वर्गातल्या पालीलाही माहितीय,” ऋजुता घास चावत म्हणाली. “प्रयोगाच्या दिवशी तू वेणी दोनदा घालतेस.”

“चिडलीस?”

“हो. शुक्रवारपर्यंत तुझ्याशी बोलणार नाही.” ऋजुता डबा उचलून शेवटच्या बाकावर गेली.

बुधवारी सायकल स्टँडवर मल्हारनं गिरिजाला विचारलं आणि ती हो म्हणाली. हे कुणाला सांगितल्याशिवाय तिला जेवण गेलं नसतं, आणि सांगण्यासारखं माणूस एकच होतं. ती तडक ऋजुताच्या घरी गेली.

ऋजुतानं दार उघडून तिचा चेहरा पाहिला आणि दोन्ही कानांत बोटं घातली. “आज बुधवार आहे.”

गिरिजा उंबऱ्यावरून हलली नाही. थोड्या वेळानं ऋजुतानं एका कानातलं बोट काढलं.

“बोल. पण मी चिडलेलीच आहे.”