संबळाची जागा

अणदूरचा गोंधळ आटोपून बलभीम संबळासकट धाराशिवच्या शोरूममध्ये आले. मास्तरीण लेक सृष्टी घरची पहिली गाडी घेत होती. दोन सारख्याच किमतीच्या गाड्यांपाशी घोडं अडलं होतं. “काका, हिची डिकी बघा. वाद्य आरामात मावेल,” सेल्समन म्हणाला. बलभीमांना पटलं, जन्मभर ते लोकांच्या जीपमध्ये संबळ मांडीवर घेऊनच फिरले होते. सृष्टी मात्र दुसऱ्या गाडीतून डोकावली. “हीच घेऊ, आबा. मधल्या सीटला पुरा पट्टा हिलाच हाय.” “अगं, डिकी लहान हाय की!” तिनं संबळ उचलला, मागं मधोमध ठेवला, पट्टा लावला. “ह्यानं आपलं घर चालवलं. ह्याला डिकीत टाकू व्हय?” आबांना शेजारी बसवून तिनं गाडी चक्कर मारायला काढली. बलभीमांची मांडी पहिल्यांदाच रिकामी होती. हात कुठं ठेवावेत, सुचेना. शेवटी एक आपसूक मिशीवर गेला.