उंबऱ्यावरची बेल

आई एकटी बाहेर पडली तर कळावं म्हणून मृदुलाने दाराच्या चौकटीवर सेन्सर बसवला होता. तिने स्वतः उंबऱ्यावर पाय ठेवला, की बेल चालू करणारा रिले टिकटिकायचा आणि बेल वाजायची. आई मात्र सकाळपासून दोनदा दाराकडे जाऊन आली होती, नि बेल गप्प. मागच्याच आठवड्यात विसरभोळी आई एसटी स्टँडवर सापडली होती, आणि सोमवारपासून मृदुलाचं ऑफिस होतं.

तिने वायरी बदलल्या. रिले बदलला. सेन्सर पुन्हा बसवला. शेवटी वैतागून भर दुपारी ती बाहेर जिन्याआड लपून बसली.

चपला घालून, पिशवी घेऊन आई तरातरा आली आणि उघड्या दाराच्या अलीकडेच थबकली. चौकटीवरच्या सेन्सरचा इवलासा लाल दिवा बघून तिने चपला काढल्या, हात जोडले.

बेल वाजणार कशी? आई उंबऱ्यापर्यंत पोचतच नव्हती.

"आई, निघाली होतीस ना गं?"

"दिवा लागलाय बघ. तिन्हीसांजेला का कुणी घर सोडतं? तूही ये आत."