गच्चीवरच्या अळ्या

सुनेनं प्रयोगासाठी गच्चीवर टोमॅटोची रोपं लावली आणि त्यांवर मुद्दाम अळ्या सोडल्या. सकाळी पाणी घालताना माझ्या बायकोनं त्या पाहिल्या आणि एकूणएक वेचून फेकून दिल्या. "अहो आई, वर्षाची मेहनत पाण्यात गेली माझी!" सून मटकन खाली बसली. बायकोचा चेहरा एवढासा झाला. "अगं, मला वाटलं कीड लागली." शेवटी सुनेनं डबीत उरलेल्या अळ्या त्याच कुरतडलेल्या रोपांवर सोडल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं वाकून बघतो, तर पानं जवळजवळ तशीच, अळ्या मरगळलेल्या. सून टाळ्या पिटत म्हणाली, "पहिल्या अळ्या चावल्यावर झाडानं जे प्रथिन बनवलं, ते त्या गेल्यावरही अजून टिकलंय! अळ्यांना पान पचतच नाही. आई, तुम्ही त्या काढल्या म्हणून तर हे कळलं!" बायको मात्र अळ्यांकडेच बघत होती. "मग या बिचाऱ्या जेवणार काय?"