राजीखुशीने, बिनमोबदला

“हक्कसोडपत्र?” इंद्रजित खुर्चीतून अर्धा उठला. “कुणी, कुणाचा हक्क सोडायचा?”

“कंपनीनं, सर. सुट्टीत लिहिलेल्या माझ्या कोडवरचा,” फरहत म्हणाली आणि मनातल्या मनात तिनं कपाळावर हात मारला. मूळ कागद इंग्रजीत होता. साहेबांना मराठी बरं पडतं म्हणून त्याची मराठी प्रत करायला तिनं ऑफिसातल्या रावजींना सांगितलं होतं. वर नुसतं ‘ना हरकत’ लिहा म्हणून. पण रावजींची उमेदीची वर्षं गेली होती निबंधक कचेरीबाहेर दस्त लिहिण्यात. ना हरकत त्यांना मिळमिळीत वाटलं असावं.

इंद्रजितची बारामतीत दूध डेअऱ्यांना सॉफ्टवेअर पुरवणारी छोटी कंपनी होती. फरहत तिथं नोकरीला. हा कोड मात्र कंपनीचा नव्हता. सुट्टीच्या दिवशी पणदऱ्याला घरी बसून, स्वतःच्या लॅपटॉपवर तिनं तो लिहिला होता. पडद्यावरचं मराठी अंध माणसांना मोठ्यानं वाचून दाखवणारं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्याच्यासाठी. कुणीही घ्यावं, फुकट वापरावं. ते चालवणाऱ्या संस्थेला तिनं आपला हक्क हसत लिहून दिला. संस्था म्हणाली, तुम्ही नोकरदार. उद्या मालक उठला आणि हे माझं म्हणाला तर? त्याचीही सही आणा, आज पाचच्या आत. नाहीतर तिची आठ महिन्यांची मेहनत नव्या आवृत्तीतून बाहेर.

इंद्रजित आज घाईत होता. अंथुर्ण्याला दिलेली त्याची धाकटी बहीण राजेश्वरी समोर चहा पीत बसली होती. तीन वाजता तिला घेऊन निबंधक कचेरीत जायचं होतं. तिची एक सही हवी होती, एवढंच. तिच्याशेजारी नव्या कोऱ्या साडीची पिशवी ठेवली होती. तरीही त्यानं रावजींचा कागद उचलला आणि मोठ्यानं वाचायला लागला.

“‘मी राजीखुशीने, नशापाणी न करता...’ बरं. ‘सदर मिळकतीवर माझा वा माझ्या वालीवारसांचा कसलाही हक्क राहणार नाही...’” त्याचा आवाज चढला. “‘बिनमोबदला’! अगं, बिनमोबदला कोण खुळा हक्क सोडंल? वापरायचा नसला तरी धरून ठेवायचा असतोय. आपलं हाय ते सोडायचंच कशाला?”

मिळकत? वालीवारस? दारात उभ्या रावजींकडं फरहत वळली. “काका, हे काय लिहिलंत?”

“सकाळी ताईसाहेबांचं टाइप केलं व्हतं,” रावजी निरागसपणे म्हणाले. “तेच घेतलं. फकस्त नावं बदलली.”

साडी कशापायी आणि सही कसली, ते फरहतला आत्ता कळलं. तिला सरांकडं बघवेना.

राजेश्वरीनं कप खाली ठेवला. “माझ्या कागदात बी ह्येच हाय?”

“अगं, तुझं वेगळं. ती नुसती रीत असती.”

“बरं. आधी त्या पोरीला सही दे. तिनं सुट्टीत राबून केलंय. तुझं काय लागतंय त्यात?”

बहीण निवळली म्हणून इंद्रजितला हायसं वाटलं. मूळ इंग्रजी कागदावर त्यानं झटकन सही ठोकली, वर शिक्काही मारला. फरहतनं कागद छातीशी धरला.

“चल राजे, तीन वाजायला आलं.”

राजेश्वरीनं पर्समधून स्वतःचा कागद काढला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तो पहिल्यांदाच वाचला आणि घडी घालून परत ठेवला.

“पोरीचं पोरीला दिलंस, लई बरं केलंस दादा,” ती म्हणाली. “आता आपल्या आबांच्या रानातला माझा वाटा मला ऱ्हाऊ दे.”