चंदाचं जावळ

"हिले मीच सून करणार," असं म्हणत रेणुकाबाईंनी पिशवीतून चांदीचे पैंजण काढले आणि भावजयीपुढे ठेवले. "आज जावळ झालं का देवीसमोर शब्द दे."

सुनयनाने पैंजणांना हात लावला नाही. "ताई, पाच वर्साचं लेकरू हाय. आत्तापासून काऊन?"

"मामाची पोट्टी अन् आत्याचा पोट्टा. त्यात आत्ता काय अन् मंग काय!"

ओसरीच्या कोपऱ्यात चंदाच्या मांडीवर निर्मल गावची रंगीत लाकडी बाहुली होती. लेकरू तिला थोपटत होतं, गुणगुणत होतं.

नीज गं साळू, बोंड उललं,
वावर सारं चांदणं झालं.

अंगणात रेणुकाबाईंचा हर्षदीप लाकडी बैलगाडीचं चाक दगडानं ठेचत होता.

"पाह्य," रेणुकाबाई कौतुकानं म्हणाल्या. "मुधोळहून येताना दोघायलेबी खेळणं मीच आणलं. त्यानं मोडलं, हिनं निजवलं. कोनं शिकवलं? पोटातूनच येते हे."

"शिकवल्यानंबी येते, ताई."

"तू मास्तरीण, शाळेत शिकव! याले 'हळू, हळू' म्हणून माह्या जिभेले फोड आले."

"तोंडानं हळू म्हणता, अन् त्यानं काई फोडलं का हसता."

रेणुकाबाई खरंच हसल्या. "मंग? पोट्ट्यायनं फोडायचं नाई तं कोनं फोडायचं?"

रेणुकाबाईंच्या आई, बयनाबाई, नारळाचं ताट घेऊन बाहेर आल्या. "रेणुके, सासरी गेली तरी तुहं तोंड माहेरीच राह्यलं. चला, मारोती न्हावी देवळापाशी थांबला हाय."

चंदाच्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तेव्हा बयनाबाईंनी पोचम्मा देवीला नवस बोलला होता. पाच वर्षं चंदाच्या केसांना कात्री लागली नव्हती.

सुनयनाने शेवटची वेणी घातली. पेड घालून झाले तरी बोटं केसांतून निघेनात.

"आई, जावळ गेल्यावरबी मी तुह्या कुशीत निजू?"

"निज."

"साळूलेबी घेऊ?"

"तिलेबी घे."

सुनयनाचे डोळे भरलेले पाहून तिचा नवरा पंढरी जवळ आला. "आज ना उद्या सोडावंच लागते, सुनयना. लोकायचं बोलणं चालूच राह्यते."

"माहीत हाय मले. पण हे लेकरू आज जसं हाय, तसंच राहू द्या. दुसरं काई नाई मागत."

पंढरी खाली वाकला. त्यानं लेकराला खांद्यावर घेतलं.

देवळापाशी कडुनिंबाखाली मारोतीनं वस्तरा पाण्यात बुडवला. पहिली बट खाली पडली आणि चंदानं टाहो फोडला. डोकं गुळगुळीत झालं तरी रडू थांबेना. रेणुकाबाईंनी पटकन लेकराला मांडीवर ओढलं, पदरानं गाल पुसले.

"रड माय, रड. पोट्टीचं काळीज लोण्याचं. मोकळं होऊ दे. कोनी काई म्हणू नका माह्या लेकराले!"

बोलताना त्यांचेही डोळे ओले झाले होते. सुनयनाकडे पाहून त्या म्हणाल्या, "आता तरी शब्द दे."

सुनयना सासूकडे पाहत राहिली. बयनाबाईंनी नारळ फोडला, पाणी देवीच्या पायावर सोडलं आणि हात जोडले.

"माय पोचम्मा, आधीचे दोन पोट्टे लोकायच्या नजरेनं गेले. म्हणून याले पोट्टी म्हणून वाढवलं, पोटच्या लेकीलेबी सांगितलं नाई. आता तुह्या हवाली. नाव ठेवलं, वैभव."

रेणुकाबाईंचा पदर धरलेला हात तिथेच थांबला. मांडीवरचं लेकरू त्यांच्या गळ्याला धरून अजून हुंदके देत होतं. सुनयनाने घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

रेणुकाबाईंनी गळ्याची मिठी सोडवली आणि लेकराला दोन्ही खांद्यांना धरून उभं केलं.

"चूप! पोट्टा हायेस ना तू? रडतो काऊन?"