आजीचं पान

पाऊण तास झाला तरी कावळा काही पिंडाला शिवेना.

रामकुंडावरचे कावळे तसे लाडावलेले. रोज दहा घरचं जेवतात. पण मालनबाईंच्या दहाव्याला त्यांनाही नखरे सुचले होते. चार जण समोरच्या भिंतीवर बसले होते. पिंडाशेजारच्या पानाकडे बघत होते आणि जागचे हलत नव्हते.

थोरल्या मुलानं, किशोरनं, हात जोडले. "आई, गावाकडचं घर विकणार नाही. शब्द देतो." कावळे ढिम्म. लेक अंजली पुढे झाली. "मी आणि दादा परत कधी भांडणार नाही." त्यावर तर एका कावळ्यानं मान फिरवली.

आईच्या आवडीचं काहीतरी वाढायचं राहिलं असेल, असं निघालं. पुरणपोळी होती, पण ती किशोरच्या आवडीची. अळूवडी अंजलीची. गुळाची पोळी नातवाची, शेखरची. मालनबाईंनी साठ वर्षं या घराला रांधून घातलं, आणि त्यांना स्वतःला काय आवडायचं ते एकालाही सांगता येईना. लाज वाटावी अशीच गोष्ट होती. सगळे खाली बघायला लागले.

शेखर मात्र कधीचाच खाली बघत होता. आजीच्या मांडीवर वाढलेला हा पोरगा आता पुण्यात नोकरीला. गेल्या महिन्यात कामासाठी नाशिक रोडला आला होता. घर स्टेशनपासून दहा मिनिटांवर. आजीनं गुळाच्या पोळ्या करून ठेवल्या होत्या. यानं फोन केला, "आजी, आज फार गडबड आहे गं. पुढच्या वेळी नक्की," आणि तसाच परत गेला. आठवड्याभरात आजी गेली. ती आपल्यावरच रागावलीय, याबद्दल त्याला शंका नव्हती.

गुरुजींनी घड्याळ बघितलं. "मागं अजून तीन घरं थांबलीत. दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ. शास्त्रात चालतं."

"नको," शेखर म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच बोलला. "ती रागावून गेली, असं मला जन्मभर वाटत राहील."

त्याची आई, उज्वला, उठली. मालनबाईंच्या या सुनेनं अठ्ठावीस वर्षं त्यांच्याबरोबर स्वयंपाकघरात काढली होती. तिनं घरून आणलेले डबे उघडले आणि पत्रावळ्या मांडायला घेतल्या.

"बसा सगळे. जेवून घ्या."

"वहिनी, काय करतेस? कावळा शिवायच्या आधी जेवायचं?" अंजली म्हणाली.

"आई आपल्याआधी कधी जेवल्या होत्या का?"

एकेक जण घाटाच्या पायरीवर बसला. गुरुजीही बाजूला जाऊन उभे राहिले. किशोर पुरणपोळी खाता खाता रडत होता. "आपल्या अंगावरचं सगळं मांस तिच्या हातचं आहे गं," तो बहिणीला म्हणाला. अंजलीनं मान हलवली आणि त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

सगळ्यांची पानं रिकामी होत आली. कावळे अजून भिंतीवरच होते. अंजलीनं उज्वलाकडे बघितलं. उज्वला शेखरकडे बघत होती. त्याच्या पत्रावळीवर गुळाची पोळी तशीच होती.

"शेखर, तुझं राहिलंय."

त्यानं तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा. सबंध पोळी संपवली. शेवटच्या तुकड्यानं पान पुसून घेतलं, आजीनं लहानपणी शिकवलं होतं तसं.

"पोट भरलं, आजी," तो म्हणाला.

भिंतीवरून एक कावळा खाली उतरला. पिंडाला शिवला, मग शेजारच्या पानाकडे वळला. मालनबाई जेवायला बसल्या.