सहावी ओळ

तक्रार अर्जाची पहिली ओळ राजेंद्रने एका दमात भरली. तक्रारदाराचे नाव : राजेंद्र सोमा रोकडे. मग पत्ता, बुवापाडा, अंबरनाथ. रुग्ण कोण, तर आई, काशीबाई, वय चौसष्ट. औषध आणि दुकानही लिहून झालं आणि पेन सहाव्या ओळीवर अडलं. औषध देणाऱ्या नोंदणीकृत फार्मासिस्टचे नाव.

"ते दुकानातच मिळेल," आईवर इस्पितळात उपचार करणाऱ्या डॉक्टर अनुया म्हणाल्या. "नाव घेऊन या, मग मी माझा रिपोर्ट जोडते."

चूक साधी होती आणि जीवघेणी होती. आई उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, बहिणीकडे राहायला गेली होती. हाताची बोटं सुजली म्हणून तिथल्या एका डॉक्टरांनी तिला सांधेवाताची गोळी लिहून दिली. आठवड्यातून एकदाच, दर रविवारी. चिठ्ठीवर तसं स्वच्छ लिहिलं होतं, पण इंग्रजीत. दुकानातून मिळालेल्या कागदी पाकिटावर मात्र बॉलपेनने मराठीत लिहिलं होतं, रोज एक. अंजनी मावशी ते वाचून बहिणीला रोज सकाळी न चुकता गोळी देत राहिली. बाराव्या दिवशी आईचं तोंड आतून सोललं, हिरड्यांतून रक्त यायला लागलं.

पाकीट पाहताच राजेंद्रला चूक कळली. तो स्वतः फार्मसी शिकलेला होता. पुढे एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात बरी नोकरी लागली म्हणून तिकडे गेला, एवढंच. ही गोळी देताना वार पाकिटावर लिहायचा आणि तो गिऱ्हाइकाच्या तोंडून वदवून घ्यायचा, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही पाठ असतं. दुकानात फार्मासिस्ट बसवतात तो कशासाठी? ज्याने हे केलं त्याने पुन्हा कुणाच्या हातावर गोळी ठेवता कामा नये, असं त्याने मावशीला बजावून सांगितलं होतं. फक्त चोर सोडून संन्याशाला फाशी नको, म्हणून नाव नीट हवं होतं.

निघण्याआधी तो आईच्या खाटेपाशी थांबला. रक्तातल्या पेशी फार उतरल्या होत्या, पुढचे दोन दिवस कठीण होते. आईने डोळे उघडले आणि त्याचं मनगट धरलं.

"राजू, ती फ्रेम..."

घरात बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी त्याच्या सर्टिफिकेटची फ्रेम असायची. आईने स्वतः बाजारात उभं राहून ती करून घेतली होती. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण ती काच रोज पदराने पुसायची. एकदा खाली पडून कोपरा फुटला, तर तिनेच निळी टेप लावून तो सांधला. तीन वर्षांपूर्वी भूपेशने, त्याच्या वर्गमित्राने, काही कामासाठी ती नेली. तेव्हापासून खिळा रिकामा होता. आई अधूनमधून विचारायची आणि तो आणतो म्हणून वेळ मारून न्यायचा.

"आणतो, आई. या वेळी नक्की आणतो."

तिने नाही अशी मान हलवली. तिला आणखी काही सांगायचं होतं, पण ओठ उघडेनात. सिस्टरने तिला बोलायला लावू नका म्हणून सांगितलं, तसा तो उठला.

कॅम्प चारपर्यंत तो रिक्षाने गेला. दुकान लहान होतं. दाराला लागून एक बाकडं, समोर काउंटर आणि काउंटरमागे चष्मा लावलेला पन्नाशीचा माणूस. गुरुदत्त त्याचं नाव. राजेंद्रने पाकीट त्याच्यापुढे ठेवलं आणि झालं ते सांगितलं. गुरुदत्तने पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"अक्षर माझंच आहे," तो म्हणाला. "गर्दी होती. रोज एक, रोज एक लिहायची सवय. हात तसाच चालला."

राजेंद्रने विचारलं, तुम्ही फार्मासिस्ट आहात का. गुरुदत्त म्हणाला, मी मालक. मग फार्मासिस्ट कुठे आहे, यावर त्याने चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"खोटं नाय बोलणार, भाऊ. तो येत नाय. कधीच आला नाय. सर्टिफिकेट भाड्याने घेतलंय, मधल्यामध्ये एक जण आहे, तो बघतो सगळं. ज्याचं आहे त्याचं तोंडपण मी बघितलेलं नाय."

राजेंद्रने अर्जाची घडी उघडून तो काउंटरवर ठेवला आणि तळव्याने सपाट करत राहिला.

"तुमच्या आई माझ्या चांगल्या लक्षात आहेत," गुरुदत्त न विचारताच सांगू लागला. "त्या बाकड्यावर बसल्या होत्या. मी म्हटलं, मावशी, चिठ्ठी परत एकदा वाचून दाखवू का? तर हसल्या. म्हणाल्या, नको बाबा, इथलं औषध चुकायचं नाय."

राजेंद्रने हळू आवाजात नाव मागितलं. गुरुदत्तला ते धड आठवेना. तो काउंटरच्या बाहेर आला आणि बाकड्याच्या वर, दाराआडच्या भिंतीवर शेजारी शेजारी टांगलेल्या दोन फ्रेमींपैकी एक त्याने उतरवली. भिंतीवर राहिलेल्या लायसन्सच्या काचेवर धुळीचा थर होता. ही काच मात्र कुणीतरी हल्लीच पुसलेली होती. त्याने ती अर्जाशेजारी ठेवली.

फ्रेमचा एक कोपरा निळ्या टेपने सांधलेला होता.

राजेंद्रने पेनाचं टोपण काढलं आणि सहाव्या ओळीवर पहिल्या ओळीतलंच नाव पुन्हा लिहिलं.